निघालेले फोटो

अंबादास फोटोवाला वारला तेव्हा तेरवीला मांडायला त्याचा एक फोटो घरात सापडला नाही. घनसावंगीतल्या तीन पिढ्यांची तोंडं त्यानं काढली, स्वतःचं काढायचं राहून गेलं. पुतण्यानं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्या फोटोतला माणूस कुणीही असू शकतो. मी फुलं वाहिली, जेवले, घरी आले. रडू आलं नाही. ह्या वयात रडायला बसायचं ठरवलं तर दर आठवड्याला बसावं लागेल. पण त्या चौकटीतला माणूस अंबादास नव्हता, एवढं मनाला लागून राहिलं. म्हणून हे लिहिते.

आमची भिंत एक होती. इकडं माझी पिठाची गिरणी, तिकडं त्याचा स्टुडिओ. गिरणी नवऱ्यानं टाकली आणि तीन वर्षांत तो गेला. पुढं मीच चालवली. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत तळं आणि हंस रंगवलेला पडदा, त्याच्यापुढं एक खुर्ची. मागची खोली काळोखी. खिडकीला काळा कागद चिकटवलेला. तिथं लाल दिव्याच्या उजेडात तो फोटो धुवायचा. तिथंच एक उंच मशीन होतं. वर निगेटिव्ह घालायची, खाली कागद ठेवायचा, दिवा लावायचा, की नखाएवढं तोंड वीतभर व्हायचं. ते मशीन नेमकं माझ्या भिंतीला लागून होतं. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की भिंत थरथरायची, भिंतीबरोबर मशीन, आणि मशीनबरोबर फोटोतला माणूस. शिवाय पीठ होतंच. त्यानं कितीही फटी बुजवल्या तरी पीठ आत जायचं.

त्या काळी लाइट दिवसातून तीन-चार तास यायची. तेवढ्यात मला दळायचं असायचं आणि त्याला फोटो मोठे करायचे असायचे. मी थांबावं असं वाटलं की तो भिंतीवर ठोकायचा. माझं डोकं ठिकाणावर असलं तर मी गिरणी बंद करायची. नसलं तर आणखी एक डबा ओतायची.

मग तो दारात येऊन उभा राहायचा. "वहिनी, दोन मिनिटं थांबा ना. नवरीला दोन नाकं आली."

"मंग एक सासरी ने म्हणावं, एक माहेरी ठेव."

रांगेतल्या बाया हसायच्या. तोही हसायचा आणि परत जायचा. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून त्याला अरे-तुरे करायची. तो मला वहिनी म्हणायचा आणि कधी आवाज चढवायचा नाही. ह्या आवाज न चढवण्याचाच मला राग यायचा. भांडला असता तर एकदाचं मिटलं असतं.

अंगानं काटकुळा होता. औषधांनी बोटं तपकिरी पडलेली. ती कितीही घासली तरी वास जायचा नाही, म्हणून भाकरी तो कागदाच्या तुकड्यानं धरून खायचा. लग्नाच्या पंगतीत त्याच्याकडं बघून पोरं फिदीफिदी करायची. लग्न त्यानं केलं नाही. कामून केलं नाही, ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

गिऱ्हाइकाला 'हसा' असं त्यानं जन्मात म्हटलं नाही. माणूस खुर्चीवर बसला की अंबादास कॅमेऱ्यामागं जायचा आणि गप्प उभा राहायचा. समोरचा वाट बघून कंटाळायचा, तोंडावर आणलेलं अवसान गळून पडायचं, मग खट् असा आवाज यायचा.

"अहो, मी तयार नव्हते!" एक मास्तरीणबाई चिडल्या होत्या.

"तयार होत्या तवा तुम्ही शेजारणीसारख्या दिसून राह्यल्या होत्या," तो म्हणाला.

एकदा एक बाप मुलीचा दाखवायचा फोटो काढायला आला. म्हणाला, जरा उजळ करा.

"मुलगी सावळी हाये ना?"

"हाये हो, पण फोटोत..."

"मंग पाव्हणे घरी आल्यावर काय करता? लाइट घालवता का?"

अशानं त्याची गिऱ्हाइकं तुटायची. लोक म्हणायचे, मोठा तत्त्वाचा माणूस. तत्त्व वगैरे काही नव्हतं. त्याला खोटं बोलायचा कंटाळा होता. एकदा बोललं की लक्षात ठेवावं लागतं, म्हणायचा.

त्याच्याकडं दोन पत्र्याच्या पेट्या होत्या. एकीत गिऱ्हाइकांनी न्यायचे राहिलेले फोटो. तिला तो 'काढलेले' म्हणायचा. दुसरीत बिघडलेले. तिला तो 'निघालेले' म्हणायचा. मला वाटायचं, बिघडलेला फोटो चुलीत घालावा, पेटीत काय ठेवायचा? एकदा दुपारी लाइट गेली म्हणून मी त्याच्याकडं बसले होते, तेव्हा त्यानं ती पेटी उघडून दाखवली.

एक फोटो अजून डोळ्यांपुढं आहे. पोळ्याच्या मिरवणुकीचा रोल त्यानं चुकून परत कॅमेऱ्यात घातला होता आणि त्याच्यावर एका पाटलाच्या पोरीचं लग्न काढलं होतं. धुतल्यावर नवरी बोहल्यावर उभी, आणि तिच्या अंगातून बैल चाललेला, शिंगांना गोंडे. बैलाचा डोळा बराबर तिच्या गळ्याशी. पाटलानं दुकानात येऊन आईमाईवरून शिव्या दिल्या. अंबादासनं ऐकून घेतल्या. चूक त्याचीच होती. पण फोटो फाडला नाही.

"ह्यात काय बघतोस?" मी विचारलं.

"ही पोरगी त्या दिवशी भेदरलेली होती, वहिनी. मी पाह्यली होती. पण तिचे बाकीचे फोटो काढले त्यात ते आलं न्हाई. ह्यात आलं."

"बैलामुळं?"

"काय माहीत कशामुळं."

दुसरा फोटो एका म्हाताऱ्याचा होता, सगळ्या अंगावर पांढरे ठिपके. माझ्या गिरणीचं पीठ निगेटिव्हवर बसलं होतं. म्हातारा उघड्यावर बसलाय आणि आभाळ अंगावर गळून राह्यलंय, असं दिसत होतं. अंबादासला तो फोटो फार आवडायचा. इतका, की पुढं एकदा तो स्वतः वाटी घेऊन माझ्याकडं आला, मूठभर बाजरीचं पीठ मागून नेलं आणि दुसऱ्या एका निगेटिव्हवर मुद्दाम भुरभुरवलं. दोन दिवसांनी वाटी परत द्यायला आला तर तोंड उतरलेलं.

"काय झालं?"

"काही न्हाई. मुद्दाम टाकलं की पीठच दिसतं."

त्याच्या धंद्यातलं मला एवढंच कळलं आणि ते त्याच वाक्यातून कळलं.

आता साळूबाईच्या फोटोचं सांगते. अंबादासचं सगळं त्या एका फोटोत अडकलं होतं, आणि थोडं माझंही.

त्या काळी बायांचे फोटो नसायचे. बाई मेली की तेरवीच्या आधी घरचे अंबादासकडं धावत यायचे, कुठं असेल तर बघा म्हणायचे. मग तो जुने रोल काढून कुणाच्या बारशात, कुणाच्या सत्कारात मागं उभी राहिलेली ती बाई भिंगानं शोधायचा आणि तिचं तेवढं तोंड मोठं करून द्यायचा. आमच्या गावातल्या मेलेल्या निम्म्या बाया अशा दुसऱ्यांच्या कार्यक्रमांतून उचललेल्या आहेत.

साळूबाई आमच्या मागच्या गल्लीतली. चार दिवसांच्या तापानं गेली. मागं नवरा आणि नऊ वर्षांची विमल. फोटो एकही नाही. अंबादासनं शोधलं तर पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाचा एक फोटो सापडला. त्या दिवशी पुढारी येणार म्हणून आम्हा सगळ्या बायांना एकाच गठ्ठ्यातली सारखी लुगडी वाटली होती आणि डोक्यावर कळशा देऊन उन्हात उभं केलं होतं. अंबादासनं फोटो काढला त्याच क्षणाला फटाक्यांची माळ लागली आणि कडेच्या घोळक्यातली एक बाई दचकून वळली. मनगट कपाळाशी, पदर उडालेला. निगेटिव्हमध्ये तिचं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं होतं.

तेरवीच्या आदल्या दिवशी लाइट आली दुपारी, तीही दोन तासांसाठी. माझ्याकडं वीस डब्यांची रांग. अंबादासनं भिंतीवर ठोकलं. मी थांबले नाही. परत ठोकलं. मी थांबले नाही. त्या दिवशी माझं कुणाशी तरी वाजलं होतं, कुणाशी ते आता आठवतही नाही. लाइट जायच्या आत त्यानं थरथरत्या भिंतीला लागूनच फोटो मोठा केला. तोंड सगळं हललेलं आलं. डोळे कुठं, नाक कुठं, नुसता अंदाज. साळूबाईचा नवरा न्यायला आला तेव्हा अंबादास म्हणाला, "जमला न्हाई. उद्या परत करतो."

नवऱ्यानं फोटो हातात घेतला आणि तिथंच उंबऱ्यावर बसला. "हीच हाये. हाक मारली की अशीच वळायची." घेऊन गेला. साळूबाईचा भाऊ म्हणाला, ही आमची साळू नाही. पण त्याचं कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तेरवीला गेले. हार घातलेला तो फोटो पाहिला आणि त्यातल्या बाईच्या मनगटाकडं बघत राहिले. माझे हात कायम पिठाचे, म्हणून घाम पुसायला मी मनगट कपाळाला लावते. आजही लावते. टाकीच्या दिवशी साळूबाई माझ्या डाव्या हाताला उभी होती, अंगाला अंग लागून. मी जेवले कशी ते मलाच ठाऊक. तडक अंबादासकडं गेले.

"अरे, तिथं मला हार घातलाय!"

"असू शकतं," म्हणाला.

"असू शकतं म्हणजे? मी जित्ती हाये."

"मंग उद्या लाइट आली की गिरणी बंद ठेवा. परत काढतो. बघू कोण हाये ते."

दुसऱ्या दिवशी मी गिरणी बंद ठेवली नाही आणि त्यानंही भिंतीवर ठोकलं नाही. त्या बाबतीत आम्ही दोघं सारखेच. पोरीला एक आई मिळाली होती. तिला भिंग लावून बघायची आम्हाला घाई नव्हती.

मग सगळंच बदललं. रोल बंद झाले, मोबाइल आले. घरोघरी चक्क्या आल्या, माझी गिरणी बंद पडली. अंबादासकडं अर्जाला लावायचे फोटो तेवढे उरले. विमल लग्न होऊन अंबडला गेली, अंगणवाडीत लागली. जाताना फोटो घेऊन गेली.

दोन वर्षांमागं शहरातल्या चित्रकलेच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम जुन्या स्टुडिओतले रंगवलेले पडदे बघत फिरत होत्या. हंसाचा पडदा बघायला आल्या आणि त्यांना ती निघालेल्यांची पेटी दिसली. जमिनीवर फतकल घालून बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. मी चहा घेऊन गेले होते.

"काका, हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"न्हाई."

"मग हा परिणाम कसा साधला?"

"झाला."

"आणि हे पांढरे ठिपके? किती वेगवेगळे अर्थ निघतात ह्यांचे."

"ते वहिनींच्या गिरणीचं पीठ हाये. बाजरीचं असेल. गव्हाचं इतकं उडत न्हाई."

मॅडमला वाटलं काका चेष्टा करतायत. त्यांनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं. अंबादासला त्याचं फार काही वाटलं नाही. मला म्हणाला, "जे मी काढले ते कुणी बघत न्हाई. हे मी काढले असते तर तारीफ घेतली असती. नुस्तं हजर होतो म्हणून हार कसा घालून घेऊ?" थकला होता तो तेव्हा. जिना चढल्यासारखा बोलायचा, दोन शब्द झाले की थांबून.

बोलता बोलता त्याच्या तोंडून साळूबाईच्या फोटोचं निघालं. मॅडमनी तो बघायचाच म्हटलं. विमलला निरोप गेला. ती जीपनं आली, फ्रेम पंचात गुंडाळून मांडीवर धरलेली. मॅडम कितीतरी वेळ फोटो बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याची निगेटिव्ह असेल ना? आता कॉम्प्युटरवर चेहरा बऱ्यापैकी स्वच्छ दिसेल."

त्यांनी सहज म्हटलं. पण विमलचं तोंड पालटलं. चाळीस-पंचेचाळीसची बाई, एकदम नऊ वर्षांची दिसायला लागली.

"आईचं तोंड दिसेल? नाक, डोळे, समदं?"

अंबादास मॅडमना म्हणाला, तुम्ही जरा बाहेर बसा. मग विमलला खाली बसवलं.

"विमल, ही तुझी आई असेल. नसली तर ह्या वहिनी असतील. दोघी एकमेकींना लागून उभ्या होत्या, लुगडी सारखी. मला तवा कळलं न्हाई आन् आजबी ठाऊक न्हाई."

विमलनं माझ्याकडं पाहिलं. "मावशी, तुम्हाला म्हाईत होतं?"

"शंका होती."

"मंग बोलल्या कामून न्हाई?"

"तू नऊ वर्षांची होतीस. मंग दहाची झालीस. मंग म्हणलं, आता कशाला."

"लग्नाच्या दिवशी मी ह्या फोटोच्या पाया पडले. पोरगा झाला तवा पह्यले ह्याच्यापुढं ठेवला. तुमच्या पाया पडून राह्यले होते का मी?"

"असेल. मला काही पोचलं न्हाई."

ती थोडी हसली. मग फ्रेम जमिनीवर पालथी ठेवली. "काका, साफ काढा. कॉम्प्युटरवर न्हाई. तुम्ही काढा, इथं. आपण तिघांनी बघायचं, बाकी कुणी न्हाई."

"ती वहिनीच निघाली तर?" त्यानं विचारलं. "तुझ्याकडं दुसरी आई न्हाई ठेवलेली."

"म्हाईत हाये मला."

मॅडमनी शहरातून कागद आणि औषधं पाठवली. आठ दिवसांनी विमल परत आली, फ्रेम बरोबर घेऊन. भरदुपार होती. अंबादासनं ट्रे घासून ठेवले होते, मशीनवरचं फडकं काढलं होतं, खिडकीला नवा काळा कागद लावला होता. भिंतीपलीकडं सामसूम. खरं सांगते, मलाही बघायचं होतं. तरुणपणीचा माझा एक फोटो नाही. पण माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ट्रेपाशी तिघांना जागा नव्हती. मी काळोख्या खोलीच्या दाराला लावलेल्या जाड पडद्याला आतून टेकून उभी राहिले.

त्यानं दिवा लावला, तोंडानं आकडे मोजले, दिवा बंद केला. कागद ट्रेमध्ये सोडला आणि ट्रे हळूहळू हलवायला लागला. लाल उजेडात मला नुसता पांढरा चौकोन दिसत होता. मग त्याच्यावर काहीतरी गोळा व्हायला लागलं.

"लुगड्याचा काठ आला," विमल हळूच म्हणाली. "हात आला."

मग ती बोलायची थांबली. वाकली, नाक पाण्याला लागेल इतकी वाकली.

अंबादासनं चिमट्यानं कागदाचा कोपरा धरला. "आता ह्या दुसऱ्या ट्रेमध्ये, हायपोत टाकला की फोटो कायमचा झाला. टाकू?"

"थांबा."

"थांबता येत न्हाई, विमल. हितं ठेवला तर काळा होत जातो."

"लाइट लावा, काका."

"मोठी? समदं जाईल."

"जाऊ द्या."

"बराबर पाह्यलंस?"

"पाह्यलं."

बाजरीच्या पिठाची ती एक खेप सोडली तर आयुष्यात मुद्दाम एकही फोटो न बिघडवलेल्या माणसानं हात वर केला आणि बटण दाबलं. डोळे दिपले. मी पुढं होऊन वाकेपर्यंत कागद राखाडी झाला होता, आणि मी बघता बघता तव्यासारखा काळा पडला. विमलनं निगेटिव्ह रुमालात बांधून कमरेला खोचली, फ्रेम पंचात गुंडाळली. डोळे कोरडे होते. तोंडावरून मला काही वाचता आलं नाही.

"येते, मावशी," ती म्हणाली. "जीप जाईल. आईचा फोटो घेऊन जाते."

ती गेल्यावर मी अंबादासला विचारलं, "कोण होतं?"

"मी ट्रेकडं न्हाई पाह्यलं. विमलकडं पाहून राह्यलो होतो."

ह्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. खोटं बोलायचा त्याला कंटाळा होता, पण त्या दिवशी तो फार थकलेला होता. त्यानंतर तो अंथरुणालाच लागला. स्टुडिओत उभा असलेला मी त्याला पाहिला तो त्या दिवशी शेवटचा.

त्या दुपारी, एवढं बोलून झाल्यावर, त्यानं तो काळा कागद चिमट्यानं उचलला, हायपोत बुडवला, तोंडानं आकडे मोजले, मग बादलीतल्या पाण्यात दोनदा खळबळून धुतला. आणि दोरीला चिमटा लावून वाळत घातला.

"अरे, आता त्याला कशाला वाळवतोस?"

"पेटीत ओला कसा ठेवू, वहिनी," तो म्हणाला, आणि वळलेला कोपरा बोटानं सरळ केला.